चारही चाकांची ओढ

गुरुग्राम येथील मारुती सुझुकीच्या कारखान्यात बांधली जाणारी जिम्नी ही आखूड, चौकोनी बांध्याची गाडी जानेवारी २०२१ पासून लॅटिन अमेरिका, मध्यपूर्व आणि आफ्रिकेतील देशांकडे जहाजाने जाऊ लागली, आणि आफ्रिकेच्या रानावनांतून चालणाऱ्या दीर्घ मोटारप्रवासाचा एक धागा त्यामुळे दिल्लीच्या राष्ट्रीय राजधानी क्षेत्राशी जोडला गेला. या गाडीची पाच दारांची आवृत्ती जानेवारी २०२३ मध्ये ग्रेटर नोएडाच्या वाहनप्रदर्शनात प्रथम दाखवण्यात आली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ती भारतीय ग्राहकांना मिळू लागली. जे यंत्र नामिबियाच्या खडकाळ माळावर किंवा केनियाच्या चिखलात उपयोगी पडावे म्हणून पाठवले जाते, तेच यंत्र आता गुरुग्रामच्या सोसायट्यांच्या तळघरांत उभे असते, आणि त्याच्या मालकाला खिडकीतून अरवलीची टेकडी दिसत असते. या यंत्राची घडण आणि आफ्रिकेच्या रानाने त्याला घालून दिलेली शिस्त या दोन्ही बाबी एकत्र समजून घेतल्याशिवाय राजधानी क्षेत्रातील रानवाटांवर गाडी घालण्याच्या नव्या छंदाचे मोल ठरवता येत नाही, कारण गाडी येथे तयार झाली असली तरी तिच्यासोबतची शिस्त अजून पुरेशी रुजलेली नाही.

फोर-व्हील ड्राइव्ह म्हणजे इंजिनाची ओढ दोन चाकांऐवजी चारही चाकांपर्यंत पोहोचवण्याची व्यवस्था होय. अशी गाडी अधिक शक्तिशाली असते हा समज मात्र चुकीचा आहे, कारण इंजिन तेच राहते आणि बदलते ते केवळ त्याच्या शक्तीचे वाटप. चाक जमिनीला जेवढे धरून ठेवू शकते त्याहून अधिक ओढ त्याला दिली की ते जागेवरच गरगरते. तीच ओढ चार ठिकाणी विभागली तर प्रत्येक चाकाच्या वाट्याला त्याला पेलवेल एवढाच भार येतो आणि गाडी पुढे सरकते. ही विभागणी ट्रान्स्फर केस नावाच्या पेटीतून होते. गिअरबॉक्सकडून आलेली फिरकी ती पुढच्या आणि मागच्या आसाकडे पाठवते. जिम्नीत आणि तिच्या आधीच्या, मारुतीच्याच जिप्सी गाडीत ही व्यवस्था अर्धवेळ स्वरूपाची आहे, म्हणजे साध्या रस्त्यावर केवळ मागची चाके ओढतात आणि गरज पडल्यावर चालक दांडा सरकवून पुढची चाके जोडून घेतो. या जोडणीत पुढच्या आणि मागच्या आसांना वेगवेगळ्या गतीने फिरण्याची मुभा नसते. वळणावर मात्र पुढची चाके मागच्यांपेक्षा लांब अंतर कापतात. वाळूत किंवा खडीवर चाके थोडी घसरून हा फरक भरून काढतात. कोरड्या डांबरावर ती घसरू शकत नाहीत, ताण आत साठत जातो, सुकाणू जड होते आणि अखेरीस दात्यांना इजा पोहोचते. महामार्गावर पावसाची एक सर आली म्हणून फोर-व्हील लावून वेगाने जाणारा चालक सुरक्षित झालेला नसतो, एवढे यावरून ध्यानात यावे.

प्रत्येक आसावर डावे आणि उजवे चाक वेगळ्या गतीने फिरू देणारा दात्यांचा आणखी एक संच असतो, त्याला डिफरन्शियल म्हणतात. शहरी रस्त्यावर वळण घेणे त्यामुळेच सुकर होते, परंतु रानात तोच संच अडचण बनतो, कारण एक चाक हवेत उचलले गेले की बरीचशी फिरकी त्या निरुपयोगी चाकाकडे वाहून जाते आणि जमिनीवरचे चाक स्वस्थ राहते. यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे डिफरन्शियल कुलूपबंद करून दोन्ही चाकांना एकाच गतीने फिरायला लावणे. दुसरा उपाय जिम्नीत वापरला आहे. गरगरणाऱ्या चाकाला इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाने ब्रेक लावला जातो आणि ओढ त्याच आसावरच्या दुसऱ्या चाकाकडे वळते. याखेरीज ट्रान्स्फर केसमध्ये लो रेंज नावाची दातेचक्रांची जोडी असते, जिच्यामुळे गाडीची गती साधारण निम्मी आणि चाकांवरची ओढ साधारण दुप्पट होते. कठीण उतारावर ब्रेकला पाय न लावता इंजिनाच्याच रोधाने गाडी हळूहळू उतरवता येते ती या जोडीमुळे, आणि चढापेक्षा उतारावरच तिचे खरे महत्त्व कळते.

गाडीची आकृतीही यंत्रणेइतकीच निर्णायक असते. तीन दारांच्या जिम्नीच्या पुढच्या आणि मागच्या आसांमधील अंतर २२५० मिलिमीटर आहे, तर पाच दारांच्या गाडीत ते २५९० मिलिमीटर आहे. परिणामी गाडीचे पोट न घासता जो उंचवटा ओलांडता येतो त्याचा कोन पहिल्या गाडीत २८ अंश आणि दुसरीत २४ अंश भरतो. कुटुंबाला मागे बसायला जागा मिळाली ती या चार अंशांच्या मोबदल्यात, आणि जमिनीपासूनची २१० मिलिमीटर उंची दोन्ही गाड्यांत सारखी असूनही रानात त्या सारख्या वागत नाहीत.

या गाड्यांचे कुळ दुसऱ्या महायुद्धातील विलिस जीपपर्यंत पोहोचते. युद्ध संपल्यानंतर महिंद्रा कंपनीने १९४७ पासून मुंबईत विलिस जीप आणण्यास आणि पुढे जुळवण्यास आरंभ केला. आज त्याच परंपरेतील थार नाशिकमध्ये तयार होते. ब्रिटनमध्ये १९४८ साली लँड रोव्हर आली, जपानमध्ये १९५० च्या दशकात टोयोटाची लँड क्रूझर आली, आणि पुढील अर्धशतकात आफ्रिकेच्या रानवाटा मुख्यतः या दोन गाड्यांनी तुडवल्या. गुरुग्रामच्या कारखान्यातून १९८५ साली बाहेर पडलेली जिप्सी त्यांच्या मानाने हलकी आणि साधी होती, पण भारतीय सैन्याने ती मोठ्या संख्येने घेतली आणि ताडोबा, रणथंभोर, कॉर्बेट यांसारख्या व्याघ्रप्रकल्पांत पर्यटकांना नेणारी उघडी गाडी म्हणून तीच रूढ झाली. विदर्भातील ज्या वाचकाने वाघ पाहिला आहे, त्याने तो बहुधा गुरुग्राममध्ये तयार झालेल्या गाडीतूनच पाहिला असेल. २०१९ साली तिचे उत्पादन थांबले.

आफ्रिकेच्या ज्या भूभागाला इंग्रजीत बुश म्हणतात, तो घनदाट अरण्यापेक्षा वेगळा असतो. काटेरी बाभूळवर्गीय झाडे, गुडघाभर ते पुरुषभर गवत, मधूनच उघडा माळ आणि कोरड्या नद्यांची वाळू असे त्याचे रूप असते; महाराष्ट्रातील झुडपी रानाशी त्याचे दुरून साम्य आहे, मात्र विस्तार अतुलनीय आहे. बोट्स्वानातील सेंट्रल कालाहारी हे एकच राखीव क्षेत्र सुमारे ५२,८०० चौरस किलोमीटरचे, म्हणजे विदर्भाच्या निम्म्याहून मोठे आहे. त्यात इंधनाचा पंप नाही, दुकान नाही, आणि प्रवाशाने सर्व पाणी सोबत न्यावे लागते. पिण्यासाठी, स्वयंपाकासाठी आणि अडीअडचणीसाठी माणशी दररोज निदान पाच लिटर पाणी, इंधनाचे जास्तीचे डबे, दोन सुटी चाके, हवा भरण्याचे यंत्र, ओढण्याचा पट्टा आणि फावडे एवढे सामान तेथील अनुभवी प्रवासी किमान मानतात. रात्री गाडी चालवणे ते टाळतात, कारण अंधारात रस्त्यावर येणारे कुडू हरीण किंवा हत्ती दिव्यांच्या झोतात दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो.

कालाहारीच्या खोल वाळूत जे कौशल्य सर्वप्रथम शिकावे लागते ते चाकांतील हवा कमी करण्याचे. डांबरावर ३० पीएसआयच्या आसपास असणारा दाब मऊ वाळूत १५ ते १८ पर्यंत उतरवला जातो. टायर त्यामुळे लांबट पसरतो, जमिनीवर टेकणारा त्याचा ठसा वाढतो आणि गाडीचे वजन वाळूच्या अधिक भागावर वाटले जाऊन चाक रुतण्याऐवजी तरंगत जाते. कित्येकदा फोर-व्हील ड्राइव्हपेक्षा हा एकच उपाय अधिक उपयोगी ठरतो. पूर्व आफ्रिकेतील अडचण वेगळी आहे. तेथे पठारावर पसरलेली काळी, चिकण माती मराठवाडा-विदर्भातील कापसाच्या रेगूर जमिनीच्या जातीची असते, आणि पावसात तिचे जे होते ते येथील शेतकऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. वरचा थर लोण्यासारखा निसरडा होतो, टायरच्या खाचा चिखलाने भरून गुळगुळीत होतात आणि चारही चाके एकाच वेळी घसरू लागतात. अशा वेळी थांबून जमीन वाळण्याची वाट पाहणे हाच उपाय असतो. बोट्स्वानातील मकगादिकगादीच्या खारट मैदानांवर धोका आणखी फसवा आहे, कारण वरून कडक दिसणाऱ्या पापुद्र्याखाली ओला गाळ असतो आणि त्यात रुतलेली गाडी ओढून काढण्यासाठी आधार घ्यायला आसपास एकही झाड नसते.

कालाहारीत पावसाळ्यानंतर चाकोऱ्यांच्या मधल्या उंचवट्यावर गवत माजते. त्याची बारीक कुसळे रेडिएटरच्या जाळीत बसून हवा अडवतात आणि इंजिन तापते. गवताच्या काड्या गाडीच्या पोटाखाली तप्त धुराड्याजवळ साठल्या तर त्या पेट घेतात, आणि या कारणाने संपूर्ण गाड्या जळून गेल्या आहेत. म्हणून पुढे बारीक जाळी बांधणे आणि ठरावीक अंतराने उतरून खालचे गवत उपसणे ही कामे तेथे नित्याची समजली जातात. गाडीच्या यंत्रणेवर विसंबणारा प्रवासी आणि गाडी ऐकत, पाहत, हुंगत चालवणारा प्रवासी यांच्यातील फरक अशा ठिकाणी उघड होतो. कंपाला येथे जन्मलेले भारतीय वंशाचे शेखर मेहता यांनी १९७३ साली आणि पुढे १९७९ ते १९८२ अशी सलग चार वर्षे पूर्व आफ्रिकेची सफारी रॅली जिंकली, ती केवळ मागची चाके ओढणाऱ्या डॅटसन गाड्यांमधून. या एका उदाहरणाने कौशल्याचे स्थान पुरेसे स्पष्ट व्हावे.

या सर्व कौशल्यांच्या मुळाशी आफ्रिकेने एक बंधन घातले आहे, आणि दिल्लीच्या वाचकासाठी तेच सर्वांत महत्त्वाचे आहे: गाडी कोठेही जाऊ शकत असली तरी तिने चाकोरी सोडायची नाही. दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगर उद्यानात सामान्य प्रवाशाला रस्ता सोडण्यास मनाई आहे आणि ठरवून दिलेली ठिकाणे वगळता गाडीतून उतरण्यासही. नामिब वाळवंटातील खडीच्या मैदानांवर दगडफुलांचे विस्तीर्ण पट्टे आहेत, जे समुद्राकडून येणाऱ्या धुक्यातील ओलाव्यावर अत्यंत मंद गतीने वाढतात. त्यांवरून एकदा गेलेल्या चाकांचा माग अनेक दशके टिकतो. दक्षिण आफ्रिकेने २००१ च्या अखेरीस नियम करून समुद्रकिनाऱ्यांवरील मनोरंजनार्थ वाहनचालन बंद केले, आणि ज्या देशात फोर-व्हील ड्राइव्ह हा जवळपास राष्ट्रीय छंद आहे तेथे हा नियम आजवर टिकला, ही कौतुकाने नोंदवावी अशी बाब आहे.

राजधानी क्षेत्रातून निघून आफ्रिकेत स्वतःची गाडी चालवणे अवघड असले तरी अशक्य नाही. गाडी बहुधा पश्चिम किनाऱ्यावरील बंदरातून जहाजाने पाठवावी लागते. केनिया, टांझानिया, झांबिया, बोट्स्वाना, नामिबिया आणि दक्षिण आफ्रिका या देशांत वाहने भारताप्रमाणेच डाव्या बाजूने चालतात, हा मोठा फायदा आहे. गाडी परदेशात विकली जाणार नाही याची सीमाशुल्क खात्यांना हमी देणारे कार्ने नावाचे कागदपत्र लागते, आणि मुंबईची १९१९ साली स्थापन झालेली वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन ते देते. त्यासाठी गाडीच्या किमतीच्या प्रमाणात मोठी अनामत ठेवावी लागते. पूर्व आफ्रिकेतील अनेक देशांत एकच विमापत्र चालते, ज्याला पिवळे कार्ड म्हणतात. पीतज्वराची लागण असलेल्या देशांतून परतणाऱ्याला भारतात प्रवेश करताना लसीचे प्रमाणपत्र दाखवावे लागते आणि लस टोचल्यापासून दहा दिवसांनी ते ग्राह्य होते. आफ्रिकेच्या रानात अनेकांजवळ असणारा उपग्रह दूरध्वनी परतताना दिल्लीच्या विमानतळावर अडचणीचा ठरतो, कारण परवान्याविना तो भारतात बाळगता येत नाही.

गाडीच्या सजावटीबाबतही दोन्हीकडचे नियम जुळत नाहीत. आफ्रिकेत गाडीपुढे बसवलेला जाड लोखंडी कठडा, ज्याला बुल बार म्हणतात, जनावराच्या धडकेपासून रेडिएटर वाचवतो. भारतात तो पादचाऱ्यासाठी घातक ठरतो आणि सुरक्षा-पिशव्या उघडणाऱ्या संवेदकांच्या कामात अडथळा आणतो, म्हणून केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये त्याविरुद्ध कारवाई करण्यास राज्यांना सांगितले. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाच्या मूळ रचनेशी विसंगत बदल केलेल्या गाडीची नोंदणी मान्य होणार नाही असे स्पष्ट केले. याशिवाय २०१८ साली न्यायालयाने कायम केलेल्या आदेशानुसार राजधानी क्षेत्रात दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर बंदी आली. तिच्या अंमलबजावणीचा प्रश्न पुढेही न्यायालयात येत राहिला, तरी दिल्लीच्या कित्येक जुन्या डिझेल जीप अन्य राज्यांत विकल्या गेल्या. तीस-तीस वर्षे दुरुस्त करून वापरलेली लँड क्रूझर आफ्रिकेत सहज दिसते. दिल्लीच्या हवेची अवस्था पाहता तशी मुभा येथे मागणे योग्य नव्हे.

आता अरवलीकडे वळता येईल. गुजरातपासून दिल्लीपर्यंत सुमारे ६७० किलोमीटर पसरलेल्या या रांगेचे उत्तरेकडील टोक दिल्लीच्या रिजमध्ये संपते, आणि तिचा क्वार्टझाइट खडक एक अब्जाहून अधिक वर्षांपूर्वीचा आहे. या खडकाच्या धारदार कडा टायरच्या बाजूच्या पातळ भिंती फाडतात. त्याच खडकापासून झालेली लालसर जाड रेती बांधकाम व्यवसायात बदरपूर या नावाने विकली जाई, आणि तिच्या उत्खननाने भट्टी, बंधवाडी आणि फरिदाबादच्या बाजूस खोल खाणी पडल्या. सर्वोच्च न्यायालयाने २००२ आणि २००९ साली दिलेल्या आदेशांनी हरियाणाच्या या भागातील खाणकाम थांबले. सोडून दिलेल्या खाणी, उतरते रस्ते, घळी आणि रेतीचे ढीग यांमुळे गाडी कसाला लावण्यास आतुर झालेल्या चालकाला हा प्रदेश आयता मिळाल्यासारखा वाटतो, आणि सुटीच्या दिवशी थार आणि जिम्नींचे ताफे येथे येतात ते त्यामुळेच.

परंतु ही जमीन मोकळी नाही. १९०० सालच्या पंजाब भूसंरक्षण कायद्याच्या चौथ्या आणि पाचव्या कलमांखाली अरवलीचा मोठा भाग बंधनात आहे. ७ मे १९९२ च्या केंद्रीय अधिसूचनेने तेव्हाच्या गुडगाव आणि अलवर जिल्ह्यांतील अरवली क्षेत्रात परवानगीविना अनेक कामांना मनाई केली. आणि जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चौथ्या कलमाच्या विशेष आदेशाखालील जमीन वनच समजली जाईल असा निर्णय दिला. दिल्लीच्या हद्दीतील असोला-भट्टी अभयारण्य सुमारे ३२ चौरस किलोमीटरचे आहे आणि त्याला लागून हरियाणात मांगरबनी हे गुर्जर गावांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेले देवराईचे वन आहे, जेथे धौ या मूळ वृक्षाची दाट वाढ अजून टिकली आहे. इतरत्र ब्रिटिश काळात लावलेल्या विलायती बाभळीने जागा व्यापली; हेच झाड केनियातही पसरून तेथील पशुपालकांना सतावते आहे. या सर्व पट्ट्यात बिबटे, तरस आणि कोल्हे राहतात, आणि गुरुग्राम-फरिदाबाद रस्त्यावर वाहनांच्या धडकेने बिबटे मेल्याच्या नोंदी आहेत.

चाकांमुळे होणारी हानी डोळ्यांना लगेच दिसत नाही, म्हणून तिचे स्वरूप सांगणे आवश्यक आहे. अरवलीच्या भेगाळ खडकातून पावसाचे पाणी खाली झिरपते आणि गुरुग्राम व फरिदाबादचा भूजलसाठा ज्या थोड्या वाटांनी भरतो त्यांपैकी ही एक प्रमुख वाट आहे. खडकावरचा मातीचा थर पातळ असतो. त्यावरून जड गाडी गेली की मातीतील पोकळ्या दाबल्या जातात, आणि या दाबाचा बराच भाग पहिल्या काही फेऱ्यांतच घडून येतो. त्यामुळे एकदा गेल्याने काय बिघडते हा प्रश्न मुळातच निराधार ठरतो. दाबलेल्या मातीत पाणी मुरत नाही, ते चाकाच्या खाचेतून वाहू लागते, खाच घळ बनते, आणि पुढचा चालक ती टाळण्यासाठी बाजूने नवी वाट पाडतो. उतारावर गरगरणारे चाक तर मातीसह रोपांची मुळेही उकरते. मृग आणि आर्द्रेच्या पावसात उगवणारी बी-रोपे नेमकी त्याच काळात चिरडली जातात, कारण चिखलाची हौस पावसातच भागवली जाते.

हरियाणा सरकारने २०२२ नंतर गुरुग्राम आणि नूह जिल्ह्यांत सुमारे दहा हजार एकरांवर जंगल सफारी उभारण्याची योजना पुढे नेली आणि त्यापूर्वी आफ्रिकी प्राणी ठेवणाऱ्या शारजा येथील सफारीची पाहणीही करण्यात आली. २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने हे काम थांबवण्यास सांगितले. आफ्रिकेकडून घेण्याजोगे काही असेल तर ते प्राण्यांचे प्रदर्शन नव्हे, तर वाटांचे नियमन आहे, आणि त्याचे चांगले उदाहरण गुरुग्राममध्येच उपलब्ध आहे. सुमारे ३९० एकरांचे अरवली जैवविविधता उद्यान पूर्वी खाणींनी पोखरलेले होते. २०१० पासून नागरिकांनी आणि संस्थांनी तेथे अरवलीची मूळ झाडे लावली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये संरक्षित क्षेत्राबाहेरील जैवविविधतेचे प्रभावी जतन करणारे देशातील पहिले स्थळ म्हणून त्याला मान्यता मिळाली. तेथे माणसे आखलेल्या पायवाटांवरून चालतात.

जिम्नी किंवा थार घेतलेल्या राजधानी क्षेत्रातील माणसासाठी शिकण्याचे स्थान म्हणजे जमीनमालकाच्या संमतीने खासगी शेतजमिनीवर आखलेले प्रशिक्षणमार्ग. लो रेंजमध्ये उतार उतरणे, चढ अर्ध्यावर सुटल्यास गाडी तिरकी न करता त्याच रेषेत मागे घेणे, हवा उतरवून वाळूतून जाणे आणि परत भरणे, पट्टा कोणत्या हुकाला लावावा आणि तो ताणलेला असताना माणसांनी किती दूर उभे राहावे हे सर्व तेथे शिकता येते, आणि कालाहारीत जाणाऱ्यालाही नेमके हेच लागते. जाणते प्रशिक्षक शिकवणी सुरू करण्याआधी विद्यार्थ्याला गाडीतून उतरून पुढची वाट पायी पाहून यायला सांगतात, आणि मुसळधार पाऊस झाला असेल तर जमीन वाळेपर्यंत फाटक उघडत नाहीत.